विहिरीतलं दुसरं कासव

माझ्या थोरल्या भावाच्या विहिरीत ते परदेशी कासव मी सोडलं. ते माझ्या हातून निसटलं नाही, पुरात वाहून आलं नाही, कुणी माझ्या नकळत टाकलं नाही. शेगावहून सुलतानपूरपर्यंत बादलीत घालून, वर ओलं फडकं बांधून, गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरून मी ते नेलं आणि शुद्धीत असताना पाण्यात सोडलं. आणि हे केलं त्या वर्षीही मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवत होतो. बाहेरच्या प्रजाती आणून सोडल्या की इथल्या कशा संपतात, हा धडा मी दर हिवाळ्यात शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो. परीक्षेत त्यावर प्रश्न घालतो. त्या वर्षी माझ्या शंभरेक विद्यार्थ्यांनी त्याचं बरोबर उत्तर लिहिलं होतं. पेपर तपासून झाले आणि पुढच्याच रविवारी मी बादली शोधायला लागलो.

ते कासव मुलगी चौथीत असताना अकोल्याच्या एका दुकानातून आणलेलं. तेव्हा ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं, हिरवंगार, डोळ्यामागे दोन्ही बाजूंनी लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "सर, हे एवढंच राहतं." मी प्राणिशास्त्र शिकलेला माणूस. कासव एवढंच राहत नाही हे मला माहीत होतं, आणि तरीही मी मान हलवली, कारण मुलगी माझी बाही ओढत होती. आठ वर्षांत ते ताटाएवढं झालं. काचेची पेटी पुरेना म्हणून टबात आलं, टब दिवाणखान्यात वास मारायला लागला म्हणून न्हाणीघरात गेला. मुलगी बारावी होऊन पुण्याला होस्टेलला गेली. जाताना तिने कासवाच्या पाठीवर हात फिरवला आणि फोटो काढला. तिचं प्रेम तिथे संपलं. दोष तिचा नाही. प्राणी पाळायची अक्कल तिने माझ्याकडूनच घेतली होती.

बायको म्हणाली, "अहो, त्या न्हाणीत एक तर ते आंघोळ करेल नाही तर मी. ठरवा."

मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन सांगू शकलो असतो. पण तिथला एक जण माझा विद्यार्थी होता आणि त्याच्यासमोर बादली घेऊन उभं राहायची मला लाज वाटली. या लाजेने पुढे काय केलं ते आता सांगायचं आहे. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने घरचे मासे देवळाच्या टाक्यात सोडले होते आणि स्टाफरूममध्ये त्याला तो जीवदान म्हणायचा. मी त्याला हसायचो. आमच्यासारख्या पगारदार, घराला ग्रिल बसवलेल्या लोकांची दया अशीच असते. ती आपल्या घरात सुरू होते आणि दुसऱ्याच्या पाण्यात नेऊन ओतली जाते.

विहिरीबद्दल सांगायला हवं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा दादाने ती खणली. मुरूम संपला, काळा खडक लागला, सुरुंग लावत लावत चाळीस फुटांवर गेले आणि एका सकाळी सुरुंगाने बाजूचा खडक फुटून आत एक पोकळी उघडी पडली. माणसाने खणलेली नव्हे, खडकातच राहून गेलेली. वाकून वीस पावलं आत जाता येत होतं, मांडीएवढं गार पाणी. आम्ही तिला भुयार म्हणायला लागलो. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा दोराच्या शिडीने उतरून बॅटरी घेऊन आत गेलो. छतातून कुठल्या तरी झाडाची मुळं केसांसारखी लोंबत होती. भिंतीवर फिकट रातकिडे होते, मिशा अंगाच्या तिप्पट लांब. आणि पाण्यात, बॅटरीच्या उजेडात, नखाएवढे पांढरे जीव तिरपे तिरपे पोहत होते. कोळंबीच्या जातीचे असावेत. त्यांना डोळेच नव्हते. उजेड अंगावर टाकला तरी ते हलले नाहीत, बोट पाण्यात घातलं तेव्हा मात्र सगळे एकदम मागे सरले.

मी त्यातला एक बाटलीत घेतला. यावर मी काम करणार, याचं नाव शोधणार, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. ती बाटली अजून आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. वर माझ्या अक्षरात 'विहीर, भुयार' एवढंच लिहिलं आहे. तीस वर्षांत मी त्यात भर घातली ती फक्त स्पिरिटची.

ज्या दिवशी विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी, आमच्याकडे रीत आहे म्हणून, दादाने नदीच्या डोहातून एक काळं कासव आणून सोडलं. कासव असेपर्यंत विहीर आटत नाही, असं मानतात. त्याला रोज चुलीवरच्या पहिल्या भाकरीचा तुकडा जातो आणि तो घरच्या सुनेच्या हातचाच जावा लागतो. वहिनी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आली होती. तिने पहिला तुकडा टाकला तेव्हापासून तीस वर्षं, बाळंतपणं आणि मरणं सोडली तर, तिचा नेम चुकला नाही. सकाळी काठावर उभी राहून ती तुकडा टाकायची, खालून एक काळं डोकं हळूच भुयाराच्या तोंडाशी यायचं. बादलीत कधी एखादा पांढरा जीव वर आला तर ती त्याला 'आंधळी' म्हणायची आणि ओंजळीत घेऊन परत सोडायची. "आंधळी दिसली म्हंजे पानी चांगलं हाय," ती म्हणायची. मी हसायचो. पुढे कळलं की जगभरचे जाणकार जमिनीखालच्या पाण्याबद्दल साधारण हेच म्हणतात, फक्त त्यांना ते सांगायला पगार मिळतो.

ते काळं कासवही आम्हीच आणून सोडलेलं, हे खरं. पण ते इथल्याच नदीचं होतं, लाजरं होतं, आणि तीस वर्षं त्या आंधळ्यांच्या शेजारी राहिलं. हे मी माझ्या बचावासाठी बरेच दिवस वापरून पाहिलं. वापरता आलं नाही.

मे महिन्यात मी बादली घेऊन पोहोचलो. दादाने फडकं बाजूला केलं.

"काऊन बे, याचे कान लाल काऊन हायेत?"

"जात तीच आहे दादा," मी म्हणालो. "फक्त रंग वेगळा असतो काहींचा."

घरी मी घरच्यासारखंच बोलतो, पण हे वाक्य मी वर्गात बोलतो तसं बोललो. दादाने फडकं परत टाकलं. धाकटा भाऊ शिकलेला, त्याला आपण काय विचारायचं, असा त्याचा चेहरा झाला. माझ्या शिक्षणाचा मी त्या घरात केलेला हा सर्वात मोठा उपयोग.

वहिनीने त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं. "जुन्याले सोबत झाली," ती म्हणाली. मग दोराला टोपली बांधून त्याला खाली सोडलं. पाण्याला लागताच ते टोपलीतून असं सटकलं की दादा हसला. "हे त लयच चपळ हाय बे. कॉलेजातलं दिसते." मीही हसलो. फोटो काढला. घरी येऊन बायकोला सांगितलं की सोय झाली.

पहिलं वर्ष मजेत गेलं. मोटार बंद झाली की ते कपारीवर येऊन ऊन खात बसायचं, जाणारे येणारे वाकून बघायचे. एकदा वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमचं कासव लय आगाव हाय. जुन्याच्या तोंडातली भाकर वढते."

"शेगावचं आहे वहिनी. महाप्रसादाच्या रांगेत घुसायची सवय असेल."

ती हसली. मग म्हणाली, "नाई, पण जुनं आताशा वर येत नाई. मी भुयाराकडं टाकते तुकडा, त हे तिकडंबी जाते."

तेव्हा मला कळलं होतं. फोन हातात असतानाच कळलं होतं. माझ्याच धड्यात लिहिलं आहे की ही जात खाणं हिसकावते, उन्हाची जागा बळकावते, जे सापडेल ते खाते. मी म्हणालो, "होईल सवय दोघांना." आणि विषय बदलून पावसाचं विचारलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुतणीचं बाळंतपण जालन्याला होतं म्हणून वहिनी सव्वा महिना तिकडे गेली. भाकरी टाकायचं काम दादावर आलं. तो टाकायचा, पण दुपारी, कधी संध्याकाळी, आणि ती भाकरी शेजारणीने दिलेली असायची. वहिनी परत आली त्याच आठवड्यात विहिरीतला गाळ काढायचा होता, कारण त्या वर्षी पाणी पार खाली गेलं होतं. गाळाच्या टोपलीत भुयारातून जुन्या कासवाची पाठ वर आली. रिकामी.

पुढचं काम नातेवाइकांनी केलं. बारसं वहिनीने सुलतानपूरला घरीच केलं; त्याला जमलेल्या बायकांत तिची चुलत सासू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "पोरीच्या घरी सव्वा महिना बसली. विहिरीची भाकर शेजारनीच्या हातची. मंग काय होईन?" एकीने मान डोलावली, दुसरीने पाणी कमी झाल्याचं सांगितलं, आणि निकाल लागला. या बायकांना मी मनातल्या मनात अडाणी म्हटलं. त्यांच्याजवळ कासव मरण्याचं एक चुकीचं कारण होतं. माझ्याजवळ बरोबर कारण होतं आणि मी ताटातली जिलेबी खात होतो.

वहिनीने त्या दिवसापासून विहिरीचं पाणी पिणं सोडलं. इतरांसाठी भरायची, स्वतःसाठी रस्त्यापलीकडच्या हापशीवरून हंडा आणायची. तिचे गुडघे आधीच गेलेले. दादाने समजावलं, रागावला, एकदा हंडा फोडायलाही निघाला. ती म्हणाली, "माह्या हातानं मेलं. त्याचं पानी कोन्या तोंडानं पिऊ?"

बारशानंतर मी शिडीने भुयारात उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच राहवेना. पाणी घोट्याएवढं होतं. जुन्या कासवाचं उरलेलं अजून एका कोपऱ्यात होतं, पुढच्या पायाच्या कातड्यावर चावल्याच्या खुणा. मी बॅटरी पाण्यावर धरून उभा राहिलो. पाय बधिर होईपर्यंत उभा राहिलो. एकही आंधळी दिसली नाही. बोट पाण्यात घातलं, काही सरकलं नाही. भिंतीवर वर दोन रातकिडे होते, पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत एकही नव्हता. आणि तोंडाशी, उजेडाच्या कडेला, मान वर काढून ते माझ्याकडे पाहत होतं. मला ओळखत होतं. आठ वर्षं मी त्याला दाणे घातले होते. ते पोहत माझ्याकडे आलं आणि तोंड उघडलं.

त्याचा राग मला आला नाही. ते त्याच्या स्वभावाप्रमाणे वागत होतं. त्या अंधारात स्वभावाबाहेर वागलेला प्राणी एकच होता आणि त्याच्या हातात बॅटरी होती.

वर आलो तर दादाने विचारलं, "काय दिसलं बे?"

"गाळ आहे," मी म्हणालो.

त्यानंतर दीड वर्ष मी गप्प राहिलो. गप्प राहणं सोपं नसतं, त्याला मेहनत लागते. मी कारणं जमवली. जुनं कासव म्हातारं होतं. त्या वर्षी पाणी कमी होतं. मोटार बदलल्याने आंधळ्या खेचल्या गेल्या असतील. प्रत्येक कारण शक्य होतं. ठामपणे सिद्ध काहीच होत नाही, असं मी स्वतःला सांगायचो, शास्त्रज्ञाच्या थाटात. ज्याने तीस वर्षांत एक बाटली सोडून काही जमवलं नाही, त्याला पुराव्याची एवढी काळजी कशी काय वाटायला लागली, हे मी स्वतःला विचारलं नाही. याच काळात एका शाळेने मला जैवविविधतेवर बोलायला बोलावलं. मी बोललो. परक्या प्रजातींवर दहा मिनिटं बोललो, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी शाल आणि नारळ घेऊन घरी आलो. नारळाची चटणी केली.

यंदा संक्रांतीला सुलतानपूरला गेलो. वहिनीच्या गुडघ्याला पट्टा होता. तिने मला तांब्यातून पाणी दिलं आणि स्वतःसाठी कोपऱ्यातल्या वेगळ्या माठातून घेतलं. माझा हात थबकलेला तिने पाहिला.

"प्या बिनघोर, भाऊजी. हे विहिरीचंच हाय. दोष माह्यावर हाय, पान्यावर नाई."

मी प्यायलो. ती समोर बसली, गुडघा लांब करून.

"एक इचारू काय? तुमी त यातलंच शिकले. सव्वा महिना घरची भाकर नाई भेटली, त कासव मरते काय हो?"

दीड वर्षात कुणी मला थेट विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, आणि ज्या माणसाने विचारलं त्याला उत्तराची सर्वात जास्त गरज होती. नाही, हा एकच शब्द पुरे होता.

"सांगता येत नाही वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं असं वाटलं. मग ती उठली, भिंतीला धरून, आणि रिकामा हंडा घेऊन बाहेर पडली. मी दारातून पाहत राहिलो. रस्त्याशी ती थांबली, एक ट्रॅक्टर जाऊ दिला, पलीकडे गेली. हापशीचा दांडा खाली येताना तिचं सगळं अंग त्याच्याबरोबर खाली जात होतं. मी मोजलं नाही, पण बराच वेळ दांड्याचा आवाज येत राहिला. परदेशी कासवाने जे केलं ते भुकेपोटी केलं. मी हे ऐकत बसलो होतो ते पोट भरलेलं असताना.

पुढच्या रविवारी मी जाळं, टोपली आणि तीच बादली घेऊन परत गेलो. दादाला म्हणालो, मले ते कासव काढाचं हाय.

"काऊन? तुही पोरगी मागते काय?"

"नाई. पह्यलं काढू."

हाही पळपुटेपणाच होता. बोलायच्या आधी काहीतरी काम करून दाखवायचं होतं. पण काम फार वेळ पुरलं नाही. कपारीवर भाकरीचा तुकडा ठेवून जाळं धरलं तर ते स्वतःहून आलं. ते कुणालाच घाबरत नव्हतं. वर आणून बादलीत टाकलं तेव्हा वहिनी चहा घेऊन येत होती. बादलीत डोकावून म्हणाली, "आता याले काऊन नेता? विहिरीत एकबी राहणार नाई मंग."

दादा काठावर बसला होता. मी बादली धरून उभाच राहिलो.

"वहिनी, हे कासव इथलं नाई. परदेशातलं हाय. दुकानातलं. हे दुसऱ्याचं खाते, दुसऱ्याले चावते. जुनं यानंच मारलं. आंधळ्याबी यानंच खाल्ल्या असतीन."

वहिनीने चहाचा कप माझ्या हातात दिला नाही. काठावर ठेवला.

"म्हंजे भाकरीनं नाई मेलं?"

"नाई."

"आन् तुमाले ठावूक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"आनलं तवापासून. दादानं इचारलं होतं, मी खोटं सांगतलं."

दादा उठला. मला वाटलं तो मारेल, आणि खरं सांगायचं तर मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आमी अडानी आसून कधी कोनाच्या विहिरीत घान नाई टाकली बे." आणि बांधाने घराकडे निघून गेला.

वहिनी विहिरीत बघत होती. पाणी बरंच वर आलेलं होतं, भुयाराचं तोंड त्यात बुडालेलं. बादलीत कासव कडेला नख्या घासत होतं.

"दीड वर्स मी हापशीचं पानी वाहून राह्यली, भाऊजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती फक्त किती झालं ते सांगत होती. "तुमी दिवाळीले आले. संक्रांतीले आले. माह्या हातचं जेवले."

"हो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मी बादली खाली ठेवली, हात जोडले, आणि ज्या भाषेत मी लहानपणी याच घरात चुका कबूल करायचो त्या भाषेत म्हणालो, "वहिनी, तुमच्या हातानं काई मेलं नाई. माह्या हातानं मेलं. मले ठावूक होतं, आन् तुमाले हापशीवर जाताना पाहूनबी मी गप बसलो. मले माफ करा."